छज्ज्याची किल्ली

चार माणसं जेवायला येणार म्हटलं की मी सहा जणांचा स्वयंपाक करते. शिवाय आपलं पातेलं ऐनवेळी पुरणार नाही असं धरून शेजारणीचं मागून आणते. नवरा लग्नापासून यावर हसतो, आता बदलीच्या गावाहून फोनवर हसतो. पण ही माझी खोड नाही, धंदा आहे. मी पुलांची डिझाइनं करते. आमच्याकडे भार जितका येईल असं वाटतं त्याहून जास्त धरायचा आणि सामान जितकं मजबूत सांगितलं असेल त्याहून कच्चं धरायचं. मधली जागा आपल्याला जे ठाऊक नाही त्याच्यासाठी सोडायची. आमचे साहेब माझी कागदपत्रं बघून म्हणतात, "मैडम, पुल बना रही हैं कि क़िला?" मी हसते आणि एकही आकडा बदलत नाही.

अशा बाईच्या नशिबी उत्तरेतल्या एका शहरात, विकास नगरातलं हे घर आलं. मूळचे आम्ही साताऱ्याचे. इथे पहिल्या मजल्यावर भाड्याने राहतो, खाली घरमालकीण राहतात. त्यांना मी आंटी म्हणते. मुलीला डेंग्यू झाला तेव्हा मी ऑफिसात आणि ह्या तिच्या उशाशी, असं कित्येक दिवस चाललं. त्या उपकाराखाली मी आहेच, आणि राहायला आवडतं मला.

आमच्या हॉलमधून एक दार बाहेरच्या बाल्कनीत उघडतं. इकडे तिला छज्जा म्हणतात. बरोबर घराच्या फाटकावर तो पुढे आलेला आहे, खाली खांब नाही, फक्त मागची कड भिंतीत धरलेली. गल्लीतल्या कुठल्याही लग्नात वरात येते तेव्हा बायका ह्याच छज्ज्यावर जमतात आणि वरून फुलं टाकतात. या वेळी लग्न आंटींच्याच मुलीचं होतं. ती माझ्या मुलीची जिवलग मैत्रीण, आणि माझी मुलगी छज्ज्यावर नाचणार हे महिनाभर आधीच ठरलं होतं.

छज्जा जिथे भिंतीला मिळतो तिथे वरच्या अंगाला एक बारीक भेग होती. मी रोज सकाळी चहाचा कप घेऊन तिच्याकडे बघायची. लग्नासाठी आंटींनी छज्ज्याला नव्या टाइल्स लावल्या आणि भेग त्यांच्याखाली झाकली गेली. लोकांना वाटलं, छज्जा किती छान झाला. मला मात्र झोप लागेना. डोळ्यांसमोर होती तोवर ती वाढली की कळलं असतं. आता वर टाइल्सचं वजन, आणि खाली काय चाललंय ते देवाला ठाऊक. चारी बाजूंनी टेकलेला स्लॅब कमजोर झाला तर आधी वाकतो, कुरकुरतो, माणसाला वेळ देतो. छज्जा बहुतेक वेळा तेवढाही शिष्टाचार पाळत नाही.

शेवटी एका संध्याकाळी मी खाली गेले आणि छज्जा ओतला तेव्हाचं विचारलं, "आंटी, ढलाई के वक्त आप थीं?"

"थीं क्या, सुबह से शाम तक खड़े रहे हम!" आंटी अभिमानाने म्हणाल्या. "अरे बिटिया, इसकी फिकर मत करो। मज़दूर सरिया के ऊपर चढ़-चढ़के मसाला डाले थे। सरिया दबती रही, मगर एक तार नहीं टूटा। इतना मज़बूत है।"

त्यांनी दिलेला लाडू माझ्या हातात तसाच राहिला. छज्ज्यात लोखंडाच्या सळया वरच्या अंगाला लागतात, कारण भार आला की ताण वर येतो. ओतताना मजूर त्यांच्यावरून चालले तर सळया दबून खाली जातात. मग लोखंड असतं, पैसे लागलेले असतात, फक्त ते असून नसल्यासारखं असतं. आंटी मला भरवसा द्यायला जे सांगत होत्या, त्याचीच मला भीती होती.

मी म्हटलं, टाइल्स काढून बघू या. त्यांनी कपाळावर हात मारला. मग म्हटलं, निदान पुढच्या कडेखाली लाकडी बल्ल्यांचा टेकू लावू. हे तर त्यांना फारच लागलं. "शादी के दरवाज़े पर बल्ली? बारात वाले कहेंगे, लड़की वालों का घर बैसाखी पर खड़ा है।" आणि मग ते वाक्य, जे मी नोकरीत आल्यापासून ऐकते आहे: "आज तक तो कुछ नहीं हुआ।"

वर आले तर मुलगी दारातच उभी. तिला मराठी सगळी कळते, पण उत्तर हिंदीतच येतं. "मम्मा, प्लीज़ यार। हर जगह अपना ऑफिस मत लाया करो। मेरी दोस्त की शादी है।"

"तू त्याच्यावर नाचणार आहेस," मी म्हटलं.

"सब नाचेंगे। सिर्फ़ आपको दिक्कत है।"

त्यानंतरचे दिवस मी घरभर येरझारा घातल्या. सळया वरच असतील, भेग नुसत्या प्लास्टरची असेल, हे सगळं शक्य होतं. मला खात्री नव्हती, आणि नसलेल्या खात्रीवर मी एका आईच्या आनंदात माती कालवणार होते. पण दार आमच्या हॉलमध्ये होतं आणि त्याच्या कुलपाची किल्ली माझ्याकडे. मी पुन्हा खाली गेले आणि सांगून टाकलं: बल्ल्या लागल्या नाहीत तर दार उघडणार नाही.

आंटींनी मांडववाल्यांना बोलावलं. बल्ल्या लागल्या. वर आडवी फळी, खाली पाचरी, सगळं मी उभं राहून करून घेतलं. सजावटवाल्याने त्यांना लाल कापड आणि झेंडूच्या माळा गुंडाळल्या, तेव्हा त्या मांडवाचे खांब वाटायला लागल्या. पण एरवी प्रत्येक कार्यात आंटींकडून वर येणारं हळदीचं ताट या वेळी आलं नाही. मला रडू आलं, खोटं कशाला सांगू.

वरात आली. छज्जा बायकांनी भरून गेला, आणि बँडवाले नेमके त्याच्याच खाली थांबून वाजवायला लागले. मी वर नव्हते. खाली एका बल्लीला हात लावून उभी होते. डोक्यावरच्या बांधकामाविषयी शंका असेल तर त्याच्याखाली उभं राहू नये, हे मी साइटवर सगळ्यांना ओरडून सांगते. पण वर माझी मुलगी उड्या मारत होती आणि मला दुसरीकडे कुठे उभंच राहवेना. हाताखाली बल्ली थरथरत होती. ढोलामुळे की भारामुळे, कळायला मार्ग नव्हता. फुलं टाकायला मुलगी कठड्यावरून वाकली तेव्हा मी तिला दिसले. ती बघत राहिली. मग नाचणं सोडून मागे भिंतीकडे सरकली, आणि दोघी-तिघींना ओढून मागे घेतलं.

दुसऱ्या दिवशी मांडववाल्यांनी पाचरी काढल्या. बल्ल्या एका हाताने सुटून आल्या, अगदी सैल. आंटी फाटकात उभ्या होत्या. "देख लिया? कुछ हुआ?"

"नहीं आंटी, कुछ नहीं हुआ," मी म्हटलं.

आणि मला वाईट वाटलं. एखादी तरी बल्ली छज्ज्याच्या भाराने घट्ट अडकायला हवी होती असं क्षणभर मनात आलं. म्हणजे मी खरी ठरावी म्हणून छज्जा वाकायला हवा होता! स्वतःचीच किळस आली. मी वर निघून गेले आणि छज्ज्याच्या दाराला कुलूप लावून किल्ली घरातच ठेवली. तरीही त्या छज्ज्याबद्दल मला काल जितकं ठाऊक होतं, त्याहून आज काडीचंही जास्त ठाऊक नव्हतं.

आंटींची लेक पहिल्यांदा माहेरी येणार, तिच्यावर छज्ज्यावरून फुलं पडणार, त्या दिवशी मी ऑफिसात होते. दुपारी आंटींचा फोन आला. लग्नानंतर पहिलाच. आवाज चढलेला.

"तुम्हारी बिटिया दरवाज़े पर खड़ी है। सारी औरतें हॉल में आ गई हैं, गाड़ी मोड़ पर है, और ये चाबी नहीं दे रही। बिल्कुल तुम पर गई है!"

तिनं निर्धास्त राहावं असं कुठल्या आईला वाटत नाही? मी काही बोलणार, इतक्यात मागून तिचा आवाज ऐकू आला, शांत, जरासा थकलेला. "आंटी, नीचे बल्ली लगवा दीजिए। मैं अभी खोल देती हूँ।"