रक्त कमी असलेल्या बायका

कुंदाबाईंचं नाव आधी सांगते. उमरेडच्या आमच्या शाळेत त्या विज्ञान शिकवायच्या. मी विणकराची मुलगी, घरातली पहिली ग्रॅज्युएट. बी.कॉम.चा निकाल लागला तेव्हा वडिलांनी पहिला पेढा देवापुढे ठेवला नाही, बाईंच्या घरी नेऊन दिला. त्या बाई माझ्या आयुष्यात आल्या नसत्या, तर त्या दिवशी मी नालीवर वाकले होते ती वाकलेलीच राहिले असते.

नागपूरजवळ वाडीला एका मोठ्या गोदामात मी काम करते. ट्रकमधून माल उतरतो. आम्ही बायका तो निवडतो, खोक्यात भरतो, वरून चिकटपट्टी मारतो. दिवसभर उभ्यानं. हॉलची टीम लीडर मी होते. त्या दिवशी बायकांच्या संडासामागची नाली तुंबली. सफाईवाल्यानं बांबू घातला आणि चिकटपट्टीचे छोटे छोटे बोळे वर आले. त्यानं एक उलगडून पाहिला. आत लाल गोळी. लोहाची. आम्हाला रक्त वाढण्यासाठी कंपनी देत होती तीच.

एचआरच्या साहेबांना बोलावलं गेलं. त्यांनी सगळा हॉल बाहेर आणून उभा केला. मला पुढे बोलावलं.

"उचल."

"साहेब, सफाईवाले दादा—"

"गोळ्या वाटल्या तू. उचलायच्याही तूच. हातानं."

मी वाकले. पाणी काळं होतं. बोळे बुळबुळीत झाले होते, बोटांतून निसटत होते. वरून साहेबांचा आवाज येत होता. शांत, शुद्ध. "फुकट गोळ्या देतो. त्या गटारात जातात. आणि मग चक्कर येते म्हणून खाली बसता. तुम्हा लोकांना माणसासारखं वागवायचं तरी कसं?" मग मला, "ग्रॅज्युएट ना तू?"

गेटवरचा गार्ड हसला. माझ्या ओळखीच्या बायका समोर उभ्या होत्या. कोणी वर बघत नव्हतं. रेखाताई तर नाहीच.

रेखाताई हॉलमधली सगळ्यात जुनी बाई. हात पिठासारखे पांढरे. जिना चढली की भिंतीला टेकून उभी राहायची आणि म्हणायची, "थांब वं, इंजन गरम झालं." त्या दिवसाच्या दोन महिने आधी ती माल सरकवणाऱ्या पट्ट्यापाशीच कोसळली. म्हणून कंपनीनं रक्ततपासणीचं शिबिर घेतलं. बोटाला सुई टोचली. तपासणाऱ्या डॉक्टरबाई हळू बोलत होत्या. पण त्यांच्या हातातला कागद साहेबांनी घेतला आणि माइकवर नावं वाचली. ज्यांचं रक्त कमी, त्यांनी वजनकाट्याच्या बाजूला उभं राहायचं. जवळजवळ सगळा हॉल तिकडे गेला. मीही गेले. साहेब म्हणाले, "पुढच्या तपासणीत जिचं रक्त वाढलेलं नसेल, तिला घरी पाठवू. इथे पडून काही झालं तर उत्तर आम्हाला द्यावं लागतं."

रेखाताईचा नवरा अंथरुणाला खिळलेला. घरी पाठवू म्हणजे काय, ते तिला वेगळं सांगावं लागलं नाही.

डॉक्टरबाईंनी जंताची गोळीही सांगितली होती. सगळ्यांना. साहेबांनी ती फक्त आमच्या हॉलला वाटली. ऑफिसमधल्या एकानं विचारलं, आम्हाला नाही का? साहेब हसून म्हणाले, "आपल्याला कशाला? यांच्या वस्त्यांत असतं ते." माइक चालूच होता.

मग रोजची लाल गोळी सुरू झाली. चार वाजता, चहाच्या सुट्टीत, कारण गोळीसाठी जेवणाची सुट्टी लांबवायला साहेब तयार नव्हते. मी वाटायची. मी त्यांना सांगितलं होतं की ही गोळी चहासोबत अंगी लागत नाही, जेवल्यावर पाण्यासोबत द्या. ते म्हणाले, "तुझं काम वाटण्याचं आहे. डोकं लावण्याचं नाही."

आणि पास. हे बाहेरच्या माणसाला खरं वाटणार नाही. संडासाला जायचं तर लाल प्लॅस्टिकचा पास गळ्यात घालायचा. सगळ्या हॉलला एकच. पास गळ्यात घातलेली बाई, पुरुष ट्रकमध्ये माल चढवतात त्या लोडिंगमधून चालत जाते, आणि ती कुठे चालली ते सगळ्यांना दिसतं. म्हणून बायका सकाळपासून पाणीच पीत नाहीत. मीही पीत नव्हते. सुकलेल्या पोटात चहा आणि वर लोहाची गोळी. मळमळ, जळजळ. शौचाला घट्ट. आणि पास दुसरीच्या गळ्यात.

बायकांनी वाट शोधली. गोळी गालात धरायची, पट्ट्याकडे वळताना तळहातावर घ्यायची. लाल रंग हाताला लागू नये म्हणून चिकटपट्टीत गुंडाळायची. नाली.

तिथे वाकलेली असताना मला कुंदाबाई आठवल्या. खोटं नाही. काळ्या पाण्यात हात असताना वर्ग दिसला.

शाळेत जंताच्या गोळीचा दिवस होता. गावातल्या एका मोठ्या दुकानदाराची मुलगी माझ्या वर्गात. तिचे वडील दारात येऊन उभे राहिले. "बाई, आमच्या पोरीले देऊ नका. आमच्या घरी तसं काही नसते. त्या मोहल्ल्यातल्या पोरींले द्या." त्यांनी बोट दाखवलं. बोट माझ्या बाकाकडे होतं. माझे कान तापले. मला वाटलं, माझ्या पोटात किडे वळवळताहेत आणि सगळ्या वर्गाला ते दिसताहेत.

बाईंनी पाकीट फोडलं. पहिली गोळी स्वतःच्या तोंडात टाकून चावली. सगळ्यांसमोर, सावकाश. मग म्हणाल्या, "जंताला आडनाव वाचता येत नाही, शेठजी." दुसरी गोळी त्यांच्या मुलीला. तिसरी मला. त्याच पाकिटातली.

आणि त्याच बाईंनी दर आठवड्याला खिचडी खाऊन झाल्यावर लोहाची निळी गोळी दिली. "भरल्या पोटी. पाण्यासोबत. चहा लांब ठेवायचा. शी काळी होईल, घाबरायचं नाही." पोरं हसली. बाई नाही हसल्या. "ज्याला शी होत नाही त्यानं हसावं," म्हणाल्या. त्यानंतर माझ्या आयुष्यात त्या शब्दाची लाज उरली नाही. गोदामातल्या त्या लाल पासनं ती परत आणली होती.

मी हातातले बोळे खाली टाकले आणि उठले. नळाकडे गेले. साबण घेतला. हात धुतले, कोपरापर्यंत, बाई धुवायला लावायच्या तसे. साहेब बघत राहिले.

"काय चाललंय?"

"हात धुतेय, साहेब. जंत असेच पोटात जातात."

"ते उचलून झालं का?"

"नाही. उचलणार नाही."

मी म्हणाले, "गोळ्या का फेकल्या, ते यांना विचारा."

"का? माज. दुसरं काय."

तेव्हा रेखाताईनं मान वर केली. "माज नाही, साहेब. पोट साफ होत नाही माह्यं. आठ आठ दिवस. अन् गेलं तं पास नाही. मंग काय करू, इथंच खोक्यात बसू अन् वरतून चिकटपट्टी मारू?"

मागून कोणीतरी फिसकन हसलं. मग सगळ्या हसल्या. साहेबांचा चेहरा पांढरा पडला. रक्त कमी असल्यासारखा.

"ही काय भाषा आहे?" ते म्हणाले.

"पोटाची हाय," रेखाताई म्हणाली. "पाणी नाही पेत मी सकाळपासून. आता पेते." ती कुलरकडे गेली, ग्लास भरला, उभ्यानं प्यायली. मग पास खुंटीवरच ठेवून लोडिंगमधून चालत संडासाला गेली. तिच्या मागे दुसरी. तिच्या मागे तिसरी.

साहेब मला म्हणाले, "उद्यापासून तू टीम लीडर नाहीस."

"ठीक आहे," मी म्हणाले.

सगळं जिंकलं असं मी सांगणार नाही. आता मी पट्ट्यावर उभी असते. गोळी जेवणानंतर मिळते, एवढं झालं. पास खुंटीवर आहे, काढलेला नाही. पुढची तपासणी सोमवारी आहे. रेखाताईनं नव्यानं गोळ्या सुरू केल्याला फार दिवस झालेले नाहीत आणि रक्त इतक्या लवकर भरत नाही. ते साहेबांनाही ठाऊक आहे.

काल बाईंना पत्र टाकलं. त्यांना मोबाइलवर वाचता येत नाही आता. पत्र असं:

"आदरणीय बाई, सादर प्रणाम.

तुम्ही विचारलं होतं, नागपूरला तब्येत कशी आहे. माझं रक्त कमी निघालं. तुमची विद्यार्थिनी असून. मी पाणी प्यायचं सोडलं होतं, गोळीही चहासोबत घेत होते, कारण दुसऱ्या वेळी मिळत नव्हती. आता भरल्या पोटी घेते. लिंबू खाते. शी काळी होते, घाबरत नाही.

सोमवारी तपासणी आहे. आम्ही ठरवलं आहे की आकडे माइकवर वाचू द्यायचे नाहीत. जिचा आकडा तिच्याच हातात. रक्त कमी म्हणून एका बाईला जरी घरी पाठवलं, तरी सगळा हॉल गेटबाहेर बसेल. रेखाताईच्या शेजारी पहिली मी. नोकरी जाईल, हे मला माहीत आहे. वडिलांना मी सांगून ठेवलं आहे. ते म्हणाले, 'बाईंले विचार.' मी तुम्हाला विचारत नाही, कळवते आहे.

जंताच्या गोळीची पुढची वेळ येईल तेव्हा पाकीट मी फोडणार आहे. पहिली गोळी मी चावीन. दुसरी साहेबांच्या टेबलावर ठेवीन, आणि ते चावेपर्यंत तिथून हलणार नाही."