आत्या जूनपर्यंत थांबली

मी सर्जरी सोडली हे घराबाहेर जाऊ द्यायचं नाही, असं आमच्याकडे ठरलं. ठरलं ते मला न विचारता. संध्याकाळी आंघोळ करून बाहेर आले तर आई-बाबा डायनिंग टेबलाशी बसलेले आणि त्यांचा निकाल देऊन झालेला. "कुणी विचारलं तर हॉस्पिटल बदललं म्हणायचं," बाबा म्हणाले. "खोटं थोडंच आहे? बदललंच की."

खोटं नव्हतं, त्याचाच तर वैताग. आपल्याकडे डॉक्टरकीच्या पुढच्या शिक्षणात मधेच शाखा बदलून मिळत नाही. हातातली सीट सोडायची, मधेच सोडल्याचा दंड म्हणून बाँडचे पैसे भरून सर्टिफिकिटं सोडवायची, घरी बसून पुन्हा तीच प्रवेश परीक्षा द्यायची आणि पहिल्या वर्षापासून सुरुवात करायची. मी हे सगळं केलं आणि शहरातल्याच दुसऱ्या हॉस्पिटलात पॅथॉलॉजीला लागले. सकाळी पांढरा एप्रन घेऊन स्कूटीवर निघायचे, संध्याकाळी परत. शेजाऱ्यांना त्यात काय कळणार? फरक एवढाच, की मी आता वेळेवर घरी येत होते, आणि त्याचंही आईला टेन्शन. "सर्जन एवढ्या लवकर घरी येतात का गं?" असं तिने मला खरोखर विचारलंय.

लोकांना वाटतं, पोरगी रक्त बघून घाबरली असेल. रक्ताचं मला काही वाटत नाही. सर्जरी मला आवडायची, आणि हे सांगताना अजून राग येतो. टाके घालायला तर मला लहानपणापासून आवडतं. ते मी आत्याकडे शिकले.

आत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण. तारनाक्याला दोन खोल्यांच्या फ्लॅटमधे एकटी राहायची. यजमान रेल्वेत होते, ते जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही. बिल्डिंगमधल्या बायकांच्या साड्यांना फॉल लावून द्यायची. उन्हाळ्याच्या सुट्टीत मला तिच्याकडे पाठवायचे आणि ती माझ्या हातात सुई द्यायची. टाका वरून दिसला की उसवायला लावायची. मी रडायचे, ती उसवायला लावायचीच. मला सर्जरी मिळाली तेव्हा सगळ्या नात्यात तिने एकच धोशा लावला, की पोरीचा हात माझ्यावर गेलाय.

त्या हाताने मी दीड वर्ष काय केलं? ड्रेसिंग बदललं, रक्ताच्या पिशव्या आणायला धावले, ऑपरेशनमधे तास न् तास पोटाची कड ओढून धरून उभी राहिले. माझ्यानंतर आलेल्या मुलाला अपेंडिक्सचं ऑपरेशन करायला मिळालं. सर मला म्हणायचे, "तू कशाला दमतेस, लग्न होऊन जाशील." एकदा वॉर्डात पेशंट गेला, तेव्हा सीनियर चहाला निघून गेले आणि नातेवाइकांना सांगायला मला पाठवलं. त्यांनी मला भिंतीवर ढकललं. सीनियर परत आले आणि म्हणाले, "बोलता येत नाही का नीट?"

तेही मी सोसलं असतं, बाकीचे सोसतातच. पण एका सकाळी विद्यानगरच्या सिग्नलला थांबले असताना मनात आलं, मागून एखाद्या ऑटोने धडक दिली तर बरं. मरायचं नव्हतं मला. पाय मोडावा, प्लास्टर लागावं, महिनाभर कुणी फोन करू नये, एवढंच. दुसऱ्या दिवशी त्याच सिग्नलला परत तेच आलं. मग मी तिसऱ्या दिवशी गेलेच नाही.

बाबा महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत. बोलले तेव्हा म्हणाले, "पॅथॉलॉजी म्हणजे काय, रक्त-लघवी तपासायची लॅब. बरकतपुऱ्याच्या आख्ख्या मराठी मंडळात सर्जन म्हणून सांगून बसलोय मी. काय तोंड दाखवू?" स्थळांना पाठवलेल्या बायोडाटावरही तेच होतं, ते त्यांनी बदललं नाही. आधी सांगायचं होतं दिवाळीनंतर, मग संक्रांतीनंतर, मग माझं लग्न ठरल्यावर. मी एक-दोनदा भांडले आणि मग गप्प बसले, कारण घरात निदान जेवताना तरी शांतता हवी होती.

आत्याला तरी सांगू या, असं मी आईला म्हटलं होतं. आई म्हणाली, "वन्संच्या पोटात काही राहत नाही. त्यांना सांगितलं की गावाकडे भालकीपर्यंत गेलं म्हणून समज."

आत्याच्या पोटात काय काय राहतं हे आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं.

मी सर्जरीच्या पहिल्या वर्षाला असताना, ड्यूटी संपवून तिच्याकडे जेवायला गेले होते. पोळी वाढता वाढता तिने विचारलं, "तुमच्या तिथं बायांचे ऑपरेशन बाईच करते का गं?" मी म्हटलं, "कुठली बाई? आमच्या युनिटमधे बाई सर्जन नाहीच. झाले तर मीच पहिली." तिने आणखी एक पोळी माझ्या ताटात टाकली. "मग हो की जल्दी," म्हणाली. मला वाटलं, कौतुक चाललंय.

पुढे, मी सर्जरी सोडल्यानंतरच्या गणपतीत मंडळाच्या बरकतपुऱ्याच्या हॉलमधे आरतीनंतर सगळे प्रसाद घेत होते. मी तेव्हा पॅथॉलॉजीला लागून थोडेच दिवस झाले होते. आत्याने माझा दंड धरून मला चार बायकांपुढे नेलं आणि म्हणाली, "ही आमची सर्जन. पुढच्या जूनला पुरी होऊ लागली." मी तोंड उघडलं, तर पलीकडून आई बघत होती. मी प्रसादाचा द्रोण हातात घेतला आणि हसले. आत्या त्या दिवशी डावा हात अंगाशी धरून होती. सांधे दुखतात म्हणाली.

आणि जूनमधे ती आली.

रविवार होता. बेल वाजली, दारात आत्या, हातात कपड्यांची पिशवी. बाबा म्हणाले, "अक्का, फोन तरी करायचा, मी आलो असतो न्यायला." ती त्यांच्याकडे न बघता मला म्हणाली, "झालं ना तुझं शिक्षण? आत चल जरा." आतल्या खोलीत तिने स्वतः कडी लावली, पलंगावर बसली आणि पाठ फिरवून ब्लाउजची बटणं काढायला लागली. मला वाटलं, पुरळबिरळ असेल.

डाव्या छातीवर जुन्या सुती साडीची घडी होती, हळदीने पिवळी झालेली. ती तिने उचलली तेव्हा वास आला. गाठ कातडी फोडून बाहेर आलेली होती. मी काखेत बोटं घातली. तिथे गाठीला गाठ चिकटलेली. पुढे काही तपासायची गरज नव्हती, तरी मी तपासत राहिले, कारण हात थांबवला असता तर बोलावं लागलं असतं.

"कधीपासून आहे आत्या?"

"तू पहिल्या वर्षाला होतीस. हरभऱ्याएवढी होती तेव्हा. दुखत नव्हती, काही नव्हती."

"दाखवली का नाहीस कुणाला?"

"कुणाला दाखवू? तिथले सगळे बाप्ये. परक्या बाप्याला कामून दाखवू, घरात डाक्टर असताना? आधी तू शिकू लागली होतीस, तुला हात लावू दिला नसता त्यांनी. तीन वर्षं म्हणाली होतीस तू. थांबले. आता कर तू."

ती पिशवीतून धुवून इस्त्री केलेला गाऊन काढून मला दाखवू लागली. हॉस्पिटलात लागेल म्हणून घेतलेला, नवा. त्याची कड तिने हाताने दुमडून घातली होती, टाका वरून दिसत नव्हता.

मी तिच्यापुढे फरशीवर बसले आणि सांगितलं. सर्जरी मी सोडली. केव्हाच सोडली. ऑपरेशन मी करत नाही, करणारही नाही.

तिने गाऊनची घडी घातली. मग म्हणाली, "मारत होते का तुला तिथं?"

मला कुणीच हे विचारलं नव्हतं. मी तिच्या मांडीवर डोकं ठेवून रडले, आणि तिने माझ्या डोक्यावरून हात फिरवला, उजवा, कारण डावा तिला उचलता येत नव्हता. नंतर तिने विचारलं, "मग आता काय करतीस?"

"काढलेला तुकडा काचेवर घेऊन बघते. आजार कुठला ते सांगते."

"बरं. मग माझा तुकडा तूच बघ."

मी कडी काढली. बाबा दाराशीच उभे होते, त्यांनी सगळं ऐकलं होतं. आत्या पदर सावरून बाहेर आली आणि आपल्या धाकट्या भावासमोर उभी राहिली. आवाज चढवला नाही तिने. "दुनियेला नको सांगू," म्हणाली. "मला तर सांगायचं होतं रे."

आईने आत्याला पाणी दिलं, ते तिने घेतलं.

दुसऱ्या दिवशी मी तिला आमच्या हॉस्पिटलात नेलं. तपासणारा सर्जन पुरुषच होता, माझ्याहून दोन-तीन वर्षांनी मोठा. आत्याने माझा हात धरला, भिंतीकडे तोंड केलं आणि तपासणी, तुकडा काढणं, सगळं करून घेतलं. पाच मिनिटांचं काम. ज्याच्यासाठी ती एवढी थांबली होती ते पाच मिनिटांचं काम होतं. मला त्या टेबलाशी उभं राहून कुणाला तरी मारावंसं वाटत होतं, आणि कुणाला ते कळत नव्हतं.

आमच्या सरांनी मला तो तुकडा बघू नकोस म्हणून सांगितलं. मी म्हटलं, बघणार. तिने सांगितलंय. स्लाइड तयार झाली तेव्हा मीच आधी मायक्रोस्कोपखाली लावली. रिपोर्टवर सही सरांनी केली, शिकणाऱ्याची सही चालत नाही. काय आहे ते मला पहिल्याच नजरेत दिसलं. मी तरीही कडेपासून कडेपर्यंत सगळं बघितलं. कुठे तरी काही तरी बरं सापडेल असं वाटत होतं. सापडलं नाही.

संध्याकाळी आत्याने विचारलं, "कसा दिसतो?"

"गुलाबी. मधे मधे जांभळा."

"आजार वाईट, रंग तर बरा हाय," ती म्हणाली आणि हसली.

तोवर आजार हाडांत आणि लिव्हरमधे गेलेला होता. ऑपरेशन कुणी करायचं हा प्रश्नच उरला नाही. औषधं दिली, ती तिला सोसली नाहीत. ती आमच्याकडे, नल्लकुंट्याच्या घरीच राहिली, माझ्या खोलीत. रोज मी घरी आले की ड्रेसिंग बदलायचे. ते काम मला फार चांगलं येत होतं. बाबा तेवढा वेळ बाल्कनीत जाऊन उभे राहायचे. थंडी संपायच्या आत ती गेली. तो नवा गाऊन तिने एकदाही घातला नाही.

तेराव्याला भालकीहून माणसं आली. पंगत बसली होती आणि मी वाढत होते. बाबांचे एक दूरचे काका, ऐंशीच्या पुढचे, माझ्याकडे बघून बाबांना म्हणाले, "ही सर्जन ना रे तुझी? घरात सर्जन असून अक्काचं असं कसं झालं?"

मी आईकडे पाहिलं. आई खाली बघत होती.

"सर्जन नाही ती," बाबा म्हणाले. "सोडलं तिने. बरेच दिवस झाले. पॅथॉलॉजी करते."

"अस्सं," काका म्हणाले. शेजारच्याने मान हलवली. आणखी कुणी काही विचारलं नाही. काकांनी वाटी पुढे केली आणि मला म्हणाले, "कढी वाढ जरा."