पुलापलीकडून आणलेलं मशीन

वजनमाप खात्यात सव्वीस वर्षं काढलेल्या त्या निरीक्षकांना अख्खी बाजारपेठ काटेसाहेब म्हणायची. आडनाव वेगळंच होतं, पण ते आता फक्त पगारपत्रकावर उरलं होतं. दुकानांतले काटे तपासायचे, बरोबर असले तर सील लावायचं, चुकत असले तर नोटीस द्यायची, हे त्यांचं काम. पितळी वजनांची लाकडी पेटी घेऊन ते दुकानात शिरले की दुकानदार चहा मागवायचा आणि ते नको म्हणायचे. हा माणूस बायकोशीसुद्धा तोलूनमापून बोलत असेल, असं लोक म्हणत. ते काही खरं नव्हतं. घरी त्यांना बोलायची पाळीच फारशी येत नसे.

त्या वर्षी सरकारने सगळ्या कर्मचाऱ्यांचे पगार कापले आणि सगळी खाती संपावर गेली. काटेसाहेब पहिल्या दिवसापासून कचेरीच्या दारात फलक धरून उभे राहिले. बाजारातल्या दुकानदारांना संपाचं कौतुक नव्हतं. यांना महिन्याच्या महिन्याला पगार मिळतो, पेन्शन मिळते, वर यांची रड आहेच, असं ते जाता-येता ऐकवून जात. अपवाद एकच, कोपऱ्यावरच्या किराणा दुकानाच्या मालकीणबाई. नवरा गेल्यावर त्यांनी एकटीने दुकान सांभाळलं होतं आणि सगळा बाजार त्यांना वहिनी म्हणायचा. त्यांनी दुकानाच्या काचेवर संपाला पाठिंब्याचा कागद चिकटवला आणि रोज अकरा वाजता दारातल्या लोकांना चहाची किटली पाठवली. व्यापारी संघाच्या बैठकीत त्या एकट्या उठून म्हणाल्या की, या लोकांच्या खिशात पैसे नसतील तर आपल्या दुकानात येणार कोण?

बोलणं नेमकं होतं, आणि दुखरंही. कारण खिशात पैसे असलेले लोकही हल्ली त्यांच्या दुकानात येत नव्हते. नदीवरचा पूल ओलांडला की दुसरा देश, आणि तिथे कर कमी असल्यामुळे साबणापासून टीव्हीपर्यंत सगळं स्वस्त. रविवारी पुलावर गाड्यांची रीघ लागायची. संप सुरू झाल्यावर तर रोजच रविवार झाला. ज्यांनी दारात उभं राहायचं, त्यातले निम्मे लोक सकाळी सही करून गाडी काढायचे आणि संध्याकाळी डिकी भरून परत यायचे.

काटेसाहेबांच्या डोक्यात तिडीक गेली. संपाच्या पाचव्या दिवशी, चहा घेऊन वहिनी स्वतः आल्या होत्या तेव्हा, त्यांनी फलक भिंतीला टेकवला आणि जमलेल्या लोकांना चांगलं फैलावर घेतलं. आपला पगार या बाजारातून गोळा होणाऱ्या करातून येतो, तो पलीकडे उधळायचा आणि इकडे येऊन कापलेला पगार परत मागायचा, याला काय म्हणायचं? दोन-चार जणांनी माना खाली घातल्या. एकाने हळूच पायातली चप्पल फलकामागे सरकवली, कारण ती तिकडून आणलेली होती. वहिनींनी टाळ्या वगैरे वाजवल्या नाहीत, पण जाताना म्हणाल्या, "साहेब, हे कोणीतरी बोलायला हवं होतं."

सातव्या दिवशी काटेसाहेबांच्या घरातलं धुण्याचं मशीन बंद पडलं.

एरवी ते चालून गेलं असतं. पण सासूबाई गेलं वर्षभर अंथरुणाला खिळून होत्या. त्यांच्या चादरी, दुपटी, गाऊन असं दिवसाला तीन वेळा धुणं निघायचं. मेकॅनिक आला, झाकण उघडून बघितलं आणि याच्यात आता जीव नाही म्हणाला. काटेसाहेबांची बायको शाळेत कारकून होती, तिचाही पगार कापला होता आणि तीही संपावर होती. दोन दिवस तिने हातांनी धुतलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिची बोटं सोलवटली होती. इथल्या दुकानात मशीनची किंमत विचारून आले तेव्हा काटेसाहेबांनी पासबुक काढून शिल्लक दोनदा पाहिली. तिच्या बहिणीकडे जीप होती. तिचा फोन आला की, भाऊजींना म्हणावं पुलापलीकडे तेच मशीन दोन तृतीयांश किमतीत मिळतंय, उद्या निघू या.

काटेसाहेब नाही म्हणाले. मग कराचं, पगाराचं, बाजाराचं सगळं पुन्हा सांगितलं. बायकोने ऐकून घेतलं.

"अहो, पगार कापताना त्यांनी विचारलं होतं का, तुमच्या घरी आजारी माणूस आहे का म्हणून?" ती म्हणाली. "भाषणाने चादरी धुऊन निघत असत्या तर मी रोज ऐकलं असतं."

दुसऱ्या दिवशी त्यांनी संघटनेच्या सेक्रेटरीला फोन करून सांगितलं, सासूबाईंची तब्येत बरी नाही, आज येता येणार नाही. खोटं त्यात काहीच नव्हतं, आणि तरी फोन ठेवल्यावर त्यांच्या कानाची पाळी गरम झाली होती. शेजारणीला सासूबाईंजवळ बसवून तिघं निघाले.

खरेदी तासाभरात उरकली. मेव्हणीने सोबत साबण, तेल, टॉवेल असं बरंच काही घेतलं आणि दर वेळी किती वाचले ते मोठ्याने सांगितलं. काटेसाहेबांना कधी एकदा घरी जातो असं झालं होतं. पण परतताना जीप पुलाच्या तोंडाशी येऊन थांबली ती थांबलीच. कस्टमच्या लोकांना संपावर जायची परवानगी नव्हती, म्हणून पाठिंब्यासाठी त्यांनी त्या दिवसापासून नियमावर बोट ठेवून काम सुरू केलं होतं. प्रत्येक गाडी उघडायची, प्रत्येक पिशवी बघायची, प्रत्येक पावती वाचायची. पुढे दोनेकशे गाड्या होत्या. मेव्हणी संपवाल्यांच्या नावाने बोटं मोडायला लागली आणि मग मागे कोण बसलंय ते आठवून गप्प झाली. काटेसाहेब उन्हात मशीनच्या खोक्याला टेकून बसले. ज्या संपासाठी आठवडाभर पाय मोडेपर्यंत उभे राहिले, त्याच संपाने त्यांना पुलावर धरून ठेवलं होतं, आणि रागवायचं तर कोणावर, हेच कळत नव्हतं.

अर्ध्या पुलावर आल्यावर पुढून माणसं येताना दिसली. व्यापारी संघाचे लोक होते. अडकलेल्या गाड्यांच्या काचांतून आत पत्रकं देत चालले होते : आपल्या गावात खरेदी करा, आपली दुकानं जगवा. त्यांच्यात वहिनी होत्या.

काटेसाहेबांनी तोंड फिरवलं, पण जीपमध्ये लपायला जागा कुठली? वहिनींनी मेव्हणीच्या हातात पत्रक दिलं, मागे पाहिलं, खोकं पाहिलं, काटेसाहेबांना पाहिलं. मग दुसरं पत्रक काढून त्यांच्याकडे धरलं. त्यांनी ते घेतलं. वहिनी पुढच्या गाडीकडे वळल्या.

घरी पोचायला संध्याकाळ झाली. मशीन उत्तम चाललं. चादरी वाळत पडल्या, बायकोच्या बोटांना मलम लागलं, आणि ते इतकं चांगलं चालतंय याचाच काटेसाहेबांना वैताग यायला लागला. पलीकडून आणलेला साबणचुऱ्याचा पाच किलोचा पुडा त्यांनी सवयीने घरच्या तागडीत पेटीतल्या वजनांशी ताडून पाहिला. साठ ग्रॅम कमी भरला. त्यांनी तो पुन्हा पाहिला. तेवढाच कमी. तक्रार करायची तर पुलापलीकडच्या निरीक्षकाकडे, आणि तिथे जायचं तर पुन्हा तीच रांग. बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, असू दे हो.

एकोणिसाव्या दिवशी संप मिटला. कापलेल्यातला अर्धा पगार तीन वर्षांत टप्प्याटप्प्याने परत मिळणार होता. सेक्रेटरीने त्याला विजय म्हटलं. काटेसाहेब कामावर रुजू झाले आणि दुसऱ्याच आठवड्यात तपासणीच्या यादीत कोपऱ्यावरचं दुकान आलं. काचेवरचा कागद नव्हता. त्याच्या चिकटपट्टीचे चार तुकडे तेवढे राहिले होते.

त्यांनी काट्यावर एक किलोचं वजन ठेवलं. आकडा एक किलो दहा ग्रॅमवर गेला. म्हणजे गिऱ्हाइकाला किलोमागे दहा ग्रॅम कमी जात होते. त्यांनी वजन उचललं, काटा पुसला, पुन्हा ठेवलं. तेच. सव्वीस वर्षांत पहिल्यांदाच, नोटिशीचं पुस्तक उघडावं की नाही, असा प्रश्न त्यांना पडला. सोडून दिलं तर ती तोंड बंद ठेवायची लाच होणार होती. लिहिलं तर सूड वाटणार होता.

"लिहा की," वहिनी म्हणाल्या. "काटा चुकतोय, मला दिसतंय. मुद्दाम केलेलं नाही, पण चुकतोय."

त्यांनी लिहिलं. सही घेताना त्यांना राहवलं नाही. घरी सासूबाई आहेत, मशीन बिघडलं होतं, असं काहीतरी पुटपुटायला लागले.

"मला ठाऊक आहे," वहिनी म्हणाल्या. "मला विचारलं असतंत तर मीच म्हटलं असतं, जा आणि घेऊन या. आजारी माणसाचं काम आहे. पण माझ्यासमोर तसं बोलायला नको होतं, साहेब. तुमचं ते बोलणं मी संघात सगळ्यांना सांगितलं होतं. म्हटलं, सगळे सारखे नसतात. पुलावर तेच लोक माझ्याबरोबर होते."

काटेसाहेबांनी वजनं एकेक करून पेटीत ठेवली. हाताला घाम आला होता, म्हणून दोन पुसून ठेवावी लागली.

आठ दिवसांत काटा दुरुस्त झाला, त्यांनी सील लावलं. तेव्हापासून घरचा किराणा ते स्वतः तिथून आणतात. बायको म्हणते, साबण तरी तिकडचा आणू द्या. मेव्हणी महिन्याला एकदा यादी विचारते, आणि ती द्यायची की नाही यावरून घरात अर्धा तास जातो. कधी हे जिंकतात, कधी त्या दोघी. दुकानात वहिनी साखर मोजतात, बिल करतात, सुटे पैसे देतात. सासूबाई कशा आहेत हेही विचारतात. बरं-वाईट बोलत नाहीत. मागच्या महिन्यात काटेसाहेब मुद्दाम दुपारी, गर्दी नसताना गेले. पाच मिनिटं बरण्या बघत रेंगाळले. मागे एक गिऱ्हाईक आलं, तेव्हा वहिनी त्यांच्याकडे न बघताच म्हणाल्या, "अजून काही हवंय का, साहेब?"

"नाही," ते म्हणाले, आणि पिशवी उचलून बाहेर पडले.