लोकल माणसाला सूट नाही

आमच्या गावाच्या तोंडावर मी भाजी घेऊन बसते. हायवेवर गडब गाव सोडून थोडं पुढे आलं की डाव्या हाताला दिसते ती ताडपत्री माझीच. पावसाळ्यात काकडी, शिराळी, भेंडी. पुढे थंडीत वालाच्या शेंगा, कडवे वाल आणि पोह्याचे पापड. मी चौथीपर्यंत शिकले. माहेर रोह्याजवळचं, वरसे गावाच्या पलीकडचं. तिथे तेव्हा एस.टी. येताना दिसली की पोरं तिच्या मागे धावत. इथे आता गाड्या माणसांच्या मागे धावतात.

हा रस्ता मोठा झाला तेव्हा आमच्या शेताची एक पट्टी त्यात गेली. सगळ्यांचीच थोडी थोडी गेली. गाव अलीकडे राहिलं आणि शेतं पलीकडे गेली. मध्ये दुभाजक आला. माणसाला पलीकडे जायला जागा ठेवली, गाडी वळवायची जागा मात्र लांब, नदीच्या पुलापाशी. आता पुलापर्यंत जाऊन वळून कोण येणार? मग आमची पोरं येतात उलट्या बाजूने. मोटारसायकली येतात, रिक्षा येतात, कंपनीच्या कामगारांना आणणाऱ्या गाड्या येतात. शिफ्ट सुटली की असं वाटतं, जणू रस्त्याला एकच बाजू आहे आणि ती आमच्या पोरांची आहे.

कोणी टोकलं तर उत्तर ठरलेलं. "आम्ही लोकल हाव." आमची जमीन रस्त्यात गेली, तेव्हा आम्हाला कोण अडवणार? हे मी पोराटोरांकडून ऐकलंय आणि मास्तरकी करून निवृत्त झालेल्यांकडूनही ऐकलंय. माझीही जमीन गेली. त्या बदल्यात कोणाचा पाय मोडायची परवानगी मिळाल्याचं मला कोणी सांगितलं नाही.

पाय मोडला तो माझ्या धाकट्या जावेचा. भात कापून झालं होतं, ओल होती तोवर वाल पेरायचे होते. ती पलीकडच्या शेतावरून येत होती. दुभाजक ओलांडल्यावर जिकडून गाड्या यायला पाहिजेत तिकडे तिने नीट बघितलं. रस्ता मोकळा होता, म्हणून तिने पाऊल टाकलं. मोटारसायकल आली दुसऱ्या बाजूने. मी ताडपत्रीखालून बघत होते. ओरडले, पण ओरडण्याचा काही उपयोग नसतो. चालवणारा शेजारच्या गावचा, आमच्या पाहुण्यातला. मग काय, दोन्ही गावांची माणसं बसली, चहा झाला, आपसात मिटलं. पोलिसांत कोणी गेलं नाही. जावेच्या पायात सळी बसली.

पाय जुळला. काठी घेऊन ती अंगणात फिरते, विहिरीपर्यंत जाते, भांडायला माझ्या ओटीवर येते. पण रस्त्याच्या कडेला आली की थांबते. तिचा वालाचा तुकडा पलीकडे आहे, इथून दिसतो. वर्षभर तिने त्यात पाय ठेवला नाही. तिच्या वाटणीचे वाल मीच पेरले, आणि रोज संध्याकाळी मला तिची उलटतपासणी. "निंदलंस? पाणी जास्त नाय ना झालं? कडेच्या वेलांना कीड हाय का गो?"

"जाऊन बघ," मी एकदा म्हटलं.

"मला ढकलून द्यायचंय तुला. माझा वाटा मिळंल म्हणून."

"तुझ्या वाट्यात हाय काय? कीड आणि तू."

ती हसली, पण कडेपर्यंत आली नाही. बाईने जन्मभर ज्या शेतात काम केलं ते तिने माझ्या तोंडून ऐकावं, हे मला पटेना. दुसऱ्या दिवशी टोपली घरी ठेवली आणि रिक्षाने पोलीस ठाण्यात गेले.

तिथे साहेब म्हणून एक तरुण बाई होती. तिने मला खुर्ची दिली. मी बसले आणि सरळ म्हटलं, "तुम्ही लोक पुलापाशी सावलीत उभे राहता. बायकोपोरांना घेऊन चाललेल्याला हेल्मेटसाठी धरता. आमच्या गावापाशी उलटे येतात त्यांना कोण धरणार?"

मला वाटलं, रागावेल. तिने समोरचा चहा माझ्याकडे सरकवला.

"आजी, धरलेत मी. तुमच्या गावचे धरलेत. काय होतं माहीत आहे? हा चहा थंड व्हायच्या आत फोन येतो. आधी तुमच्या गावच्या अध्यक्षांचा, मग त्यांनी ज्यांना फोन केला त्यांचा, मग माझ्या वरच्यांचा. आपला पोरगा आहे, लोकल आहे, पहिलीच वेळ आहे. एकाच पोराची पहिली वेळ मी किती वेळा ऐकायची?"

मी चहा प्यायले.

"मी कुठेही उभी राहीन," ती म्हणाली. "उन्हात उभी राहीन, तुमच्या भाजीशेजारी उभी राहीन. दंड किती लावला याने कोणी सुधारत नाही, आजी. आज धरला तर आज सुटणार नाही, एवढं कळलं तरी निम्मे सरळ होतील. पण फोन तुम्ही थांबवा. ते माझ्या हातात नाही."

येताना रिक्षावालाही उलट्या बाजूने आला. मी त्याला तिथेच थांबवून उतरले आणि उरलेलं अंतर चालले. तो म्हणाला, "काकी, तुमच्या सोयीसाठीच आलो ना." मी म्हटलं, "माझी सोय तुझ्याकडं कधी मागितली?"

आमच्याकडे गावकी आहे. देवळाच्या मंडपात गाव बसतं. पालखी कधी निघणार, कोणाच्या कुंपणाचा वाद, कोणाच्या मयताला कोण लाकडं नेणार, हे सगळं तिथे ठरतं. पुरुष आत बसतात. बायका पायऱ्यांवर बसतात आणि आतलं ऐकून बाहेर बोलतात. कायदा नाही असा, पण आमच्या सासूपासून चालत आलंय. पौर्णिमेला गाव बसलं तेव्हा मी पायऱ्या चढून आत गेले आणि खांबाला टेकून बसले.

गावकीचे अध्यक्ष म्हणाले, "काकी, काय काम व्हतं तं तिथून सांगा."

"तिथून ऐकू येतं. तिथून बोललेलं तुम्हांला ऐकू येत नाय."

बाहेर बायका हसल्या. मी विषय काढला. गावातल्या कोणालाही उलट्या बाजूने येताना पोलिसांनी धरलं तर सोडवायला गावातून एकही फोन जाता कामा नये. जो करील त्याने देवाला नारळ ठेवून गावापुढे सांगायचं, मी कोणाला आणि कशासाठी सोडवलं.

मग सुरू झालं.

"रस्त्यात जमीन आपली गेली, काकी."

"माझी तुझ्यापेक्षा जास्त गेली. मी चालते का उलटी?"

"पुलापर्यंत जाऊन यायचं म्हणजे पेट्रोल किती जातं!"

"माझ्या जावेच्या पायात लोखंड गेलं, ते कुठल्या पंपावर भरून मिळतं?"

"पोरांच्या नोकऱ्या जातील."

"नोकरी गेलेला घरी येतो. गाडीखाली गेलेला येत नाय."

एक म्हातारे, माझ्या दिराच्या वयाचे, म्हणाले, "बायमाणसानं एवढं बोलू नये."

"मग तुम्ही बोला. मी गप्प बसते." त्यांनी टोपी नीट केली. तेव्हा मीच बोलत राहिले.

खुशीने कोणी मान डोलावली नाही. पण पायऱ्यांवरून एकेक बाई सांगू लागली. कोणाचा नवरा थोडक्यात वाचला होता, कोणाची सून उलट्या गाडीला चुकवायला पोराला कडेवर घेऊन दुभाजकावर चढली होती. आतल्या पुरुषांना त्यांच्याच घरातली गोष्ट बाहेरून ऐकू येऊ लागली. शेवटी अध्यक्षांनी नाक खाजवलं आणि ठरलं. फोन नाही. जाऊ पायऱ्यांवर होती. ती मला म्हणाली, "वकील झालीस गो." तिला बरं वाटलं होतं.

ती साहेबबाई आली. सकाळच्या आणि दुपारच्या शिफ्टच्या वेळेला, माझ्या ताडपत्रीच्या मागे गाडी लावून, दोन शिपाई घेऊन. लांबून दिसणार नाही अशा जागी. हेल्मेट, कागद यातलं काही विचारत नव्हती. फक्त उलटा आला की थांबवायचं. पहिले काही दिवस गाव माझ्याकडे बघत पण नव्हतं. दोन बायकांनी माझ्याकडची भाजी सोडली, गडबच्या बाजारातून आणू लागल्या. आणा म्हटलं.

मग एका दुपारी उलट्या बाजूने पांढरी गाडी आली, कामगारांनी भरलेली. शिपायाने हात केला. गाडी थांबली, चालवणारा खाली उतरला. माझ्या जावेचा मुलगा.

"मॅडम, लोकल हाय मी. घर ते बघा, ते समोर."

"घर सरळ बाजूने पण येतं," साहेबबाई म्हणाली.

त्याने मला बघितलं. "मोठी आय, सांग ना यांना."

साहेबबाई माझ्याकडे वळली. "ओळखता?"

"ओळखते. माझ्या धाकट्या जावेचा मुलगा हाय. याच्या आईचा पाय इथंच मोडला, असाच उलटा येणारा आला व्हता. नाव नीट लिवा."

तो माझ्याकडे बघतच राहिला. गाडीतले कामगार खाली बघू लागले. लायसन घेतलं, त्याला गाडीसकट ठाण्यात नेलं, कामगार चालत निघाले.

मी टोपली उचलून घरी आले तोवर बातमी पोचली होती. जाऊ ओटीवर उभी होती, हातात मोबाईल.

"सोडव त्याला."

"नाय."

"तुझं लेकरू असतं तं?"

"तं माझ्या घरात आज त्याचं ताट मांडलं नसतं."

"त्याची नोकरी जाईल गो. ठेकेदार ठेवायचा नाय."

"तुझा पाय कुठल्या बाजूच्या गाडीनं मोडला?"

ती मला खूप वाईट बोलली. मला मूल नाही, ते तिने काढलं. चाळीस वर्षांत तिने ते कधी काढलं नव्हतं. मी तिथेच बसून राहिले. अध्यक्ष आले, म्हणाले, "पहिलीच येळ हाय, नारळ मी ठेवतो, करा फोन." त्यांनीच पुढाऱ्याचा नंबर लावून मोबाईल तिच्या हातात दिला. पलीकडे पुढाऱ्याचा माणूस होता. त्याचा आवाज मोठा, मला इथे ऐकू आला.

"बोला ताई. कोणाला धरलाय? काय केलंय त्यानं?"

जाऊ म्हणाली, "माझा मुलगा हाय. तो गाडी घेऊन..."

"हां, गाडी घेऊन काय?"

"उलट्या बाजूनं..."

हातातली काठी तिने खांबाला लावली आणि खाली बसली. पलीकडचा माणूस हॅलो हॅलो करत होता. तिने मोबाईल अध्यक्षांच्या हातात परत दिला. त्यांनी तो बंद केला आणि चपला घालून गेले.

त्याचं लायसन तीन महिन्यांसाठी गेलं. ठेकेदाराने दुसरा चालक ठेवला. तेवढे दिवस त्याने शेतावर काम केलं, माझ्याशी न बोलता. जाऊही बोलली नाही. वालाची चौकशीसुद्धा बंद. एकाच विहिरीवर आम्ही दोघी पाणी काढायचो आणि बादल्या तेवढ्या आवाज करायच्या. मला त्याचं वाईट वाटलं, पण चूक वाटली नाही. दोन्ही वेगळ्या गोष्टी आहेत.

गावात मात्र एक गोष्ट पसरली. काकीने पुतण्याला सोडवलं नाही आणि आईने पण सोडवलं नाही, तर आपल्याला कोण सोडवणार? त्यानंतर पुलापर्यंत जाऊन वळणाऱ्या गाड्या दिसू लागल्या. शिव्या देत जातात, पण जातात. जावेचा मुलगा आता पुन्हा गाडी चालवतो, दुसऱ्या ठेकेदाराची. पुलापाशी वळतो. माझ्यासमोरून जाताना हॉर्न जोरात वाजवतो. वाजव म्हटलं.

त्याचं लायसन परत यायच्या आधीच वालाच्या शेंगा भरल्या होत्या. आमच्याकडे या दिवसांत पोपटी लावतात. मडक्यात भांबुर्ड्याचा रानपाला घालायचा, वर शेंगा, आणि मडकं उलटं करून भोवती जाळ करायचा. एका सकाळी मी ताडपत्री बांधत होते, तेव्हा मागून काठीचा आवाज आला.

"आज हाय का ती तुझी मॅडम?"

"हाय. मागं उभी हाय."

"पोपटीला शेंगा पायजेत. तुला कवळ्या आणि भरल्या यातलं काय कळत नाय."

मी टोपली घेतली. आम्ही कडेला उभ्या राहिलो. तिने जिकडून गाड्या येतात तिकडे बघितलं आणि मग दुसरीकडेही बघितलं, कितीतरी वेळ. मी हात दिला, तिने तो झटकला. काठी टेकत ती दुभाजकापर्यंत गेली, थांबली, मग पलीकडे उतरली. शेताच्या बांधावर पोचल्यावर पहिलं वाक्य हे.

"ही काय निंदणी झाली गो? लाज वाटायला पायजे."

शेंगा काढून परत निघेपर्यंत ऊन चढलं होतं. पोलिसांची गाडी निघून गेली होती. त्यांना काय एकच गाव आहे? दुभाजकापाशी आलो आणि एक मोटारसायकल उलट्या बाजूने येताना दिसली. जाऊ जागीच थांबली. तिची मूठ काठीवर घट्ट झाली, हे मला दिसलं.

मी टोपली खाली ठेवली आणि त्याच्या वाटेत जाऊन दोन्ही हात वर करून उभी राहिले. त्याने ब्रेक मारला. मला ओळखत होता.

"काकी, लोकल हाय मी."

"मी पण लोकल हाय," मी म्हटलं. "वळव."

एवढंसं तर जायचंय, असं काहीतरी तो पुटपुटला. मी हलले नाही. जाऊ मागून काठी आपटत पुढे आली आणि माझ्या शेजारी उभी राहिली.

"ऐकू नाय आलं तुला?" ती म्हणाली. "वळव सांगते ना ती."

त्याने खाली उतरून गाडी वळवली. मग आम्ही रस्ता ओलांडला.