मामांनी अडवलेलं वऱ्हाड

माझ्या आईच्या चुलतभावाला उभ्या आयुष्यात कुणी स्वस्थ बसलेलं पाहिलं नाही. मालवाहू जहाजांवर आग विझवायची आणि जीव वाचवायची साधनं तपासण्यात मामांची सगळी नोकरी गेली. १९९०च्या सुमाराला ते पेणला येऊन राहिले, तरी त्यांच्या लेखी सगळी जमीन म्हणजे एक भलंमोठं, नियम न पाळणारं जहाजच होतं. कुणाकडे चहाला गेले की आधी स्वयंपाकघरात शिरून गॅसची नळी चाचपत. शेजारच्या गणपतीच्या कारखान्यात रंगाच्या डब्यांजवळ स्टोव्ह दिसला, तर त्यांनी तो चहाच्या आधणासकट उचलून रस्त्यावर नेऊन ठेवला. रोह्याच्या एसटीत ‘संकटकाळी बाहेर पडण्याचा मार्ग’ अशी पाटी असते. ती खिडकी खरंच उघडते का, हे पाहिल्याशिवाय ते तिकीट काढत नसत. एकदा उघडलेली खिडकी मिटेचना आणि धाटावच्या दुपारच्या शिफ्टचे कामगार कंपनीत उशिरा पोचले. “उघडली ना? मग झालं,” एवढंच मामा म्हणाले.

माझ्या लग्नात मात्र हे प्रकरण हसण्यावारी गेलं नाही. मुलीचं गाव खाडीपलीकडे. आमचं वऱ्हाड टेम्पोंनी धक्क्यापर्यंत आलं. पुढे युसुफभाईंच्या होडीने जायचं होतं. युसुफभाई दुबईला गॅरेजात काम करून परतलेले. त्यांनी होडीचं इंजिन डिझेलवरून गॅसवर आणलं होतं आणि सिलिंडर कुणाच्या पायात येऊ नये म्हणून फळ्यांखाली, तळात ठेवला होता. “धूर नाय, काजळी नाय,” ते कौतुकाने सांगत होते. मामा गुडघ्यांवर बसले आणि त्यांनी फळीच्या फटीला नाक लावलं.

“वास येतोय.”

“सुकटीचा असेल,” माझे वडील म्हणाले.

“सगळे खाली उतरा.”

कुणी हललं नाही. काकांनी विडी ओठात धरून काडेपेटी काढली, तशी मामांनी ती हिसकावून खाडीत फेकली. मग मात्र बायका पोरांना घेऊन भराभर उतरल्या.

“मामा, मुहूर्त टळेल,” मी मुंडावळ्या सावरत म्हणालो.

“टळू दे. हा गॅस हवेपेक्षा जड हाय, तळाला साचून राहतो. जहाजावर गॅसच्या बाटल्या उघड्यावर ठेवायचा नियम हाय, तो काय उगाच?” त्यांनी होडीचा दोर मनगटाला गुंडाळून घेतला होता.

शेवटी आम्ही रोह्याच्या पुलावरून वळसा घालून गेलो. सकाळचा मुहूर्त गेला. लग्न गोरजावर लागलं. “होडी तर अजून धक्क्याला धडधाकट उभी आहे,” असं सासरे भर मांडवात म्हणाले, आणि त्यानंतर मामांशी कधी बोलले नाहीत. मामा जेवले नाहीत. पंगती उठेपर्यंत मांडवामागे येरझारा घालत होते. मी पानसुपारी घेऊन गेलो तेव्हा म्हणाले, “मी चुकलो तर नसेन ना रे?” मी पानसुपारी त्यांच्या हातात ठेवली आणि मांडवात परतलो.

पुढे पाच वर्षांनी मामा गेले. तोवर सासरेही राहिले नव्हते. युसुफभाई मामांच्या घरी भेटायला आले आणि ओट्यावर बसून मला सांगू लागले. “त्या दिवशी तुम्ही गेल्यावर मी फळी उचलली. नळी घासून चिरली व्हती. दुसऱ्याच दिवशी मामांना सांगितलं. ते म्हणाले, कुणाला बोलू नको, तुझ्या होडीत कोण बसंल मग? दोघांनी मिळून सिलिंडर वर, उघड्यावर बांधला.”

मी घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं. वडिलांचा मान राखायचा म्हणून तिने मामांना कधी घरी बोलावलं नव्हतं, आणि मीही कधी आग्रह धरला नव्हता. तिने हातातलं निवडणं बाजूला ठेवलं.

“एकदा तरी जेवायला बोलवायला हवं होतं,” ती म्हणाली.