चापाला टांगलेला लोटा

"आधी हिला तहान किती हाय ते बघू," असं म्हणून बंदुका दुरुस्त करणारा म्हातारा लोहार बंदुकीच्या चापाला रिकामा लोटा टांगायचा. बंदूक उभी, नळी रिकामी, घोडा म्हणजे बार उडवणारी हातोडी मागे चढवलेली. मग लोट्यात थोडं थोडं पाणी ओतायचा. किती पाण्याच्या वजनाने घोडा खटकन पडतो, त्यावरून चाप जड की हलका ते तो ठरवायचा.

आष्टीच्या बाजारात माझं शिलाईचं दुकान त्याच्या भट्टीसमोरच होतं. निजामाच्या अमलात आमच्याकडे डुकरं हाकायला ठासणीच्या बंदुका असत आणि बहुतेकांचे चाप बैल जुंपून ओढावेत असे. जोर लावला की नळी हलणार, नेम चुकणार. घोडा ज्या खाचेत अडकतो ती कानशीने जराशी उथळ करायची, एवढंच ते काम. पण तुम्ही बघत बसला असता तर कंटाळला असता. दोनदा घासायचं की पुन्हा लोटा. गिऱ्हाइकाने कुरकुर केली की म्हणायचा, "कावून गडबड करतो बे? डुक्कर काय तुझी वाट बघायलंय?"

घासल्यावर खाचेचा वरचा कडक थर जातो. म्हणून खाचेचा तुकडा भट्टीत लाल करून पुन्हा कडक केल्याशिवाय तो बंदूक सोडत नसे. तहसिलीचा शिपाई आला तरी "उद्या या". त्याचा हा हट्ट मला आवडायचा आणि रागही यायचा, कारण ताटकळलेली गिऱ्हाइकं माझ्याच ओट्यावर बसून पान थुंकत.

त्याचा एकुलता मुलगा उमापूरकडे एका जमीनदाराच्या शेतावर राखणीला होता. एका दुपारी तो बंदूक घेऊन आला.

"बा, चाप लई जड हाय. डुक्कर अंगावर आलं अन् नेम हुकला."

म्हाताऱ्याचा चेहराच उतरला. हातातलं काम टाकून त्याने कानस घेतली. चाप हवा तसा हलका झाला, पण भट्टी विझली होती आणि मुलाला परतीची बैलगाडी गाठायची होती.

"पुढच्या बाजाराला आन. कडक करून देतो," म्हातारा म्हणाला. असं बोलताना मी त्याला कधीच ऐकलं नव्हतं.

"आनतो की," म्हणत मुलगा निघाला.

मऊ खाच चार-दोन रात्रींतच झिजली. शेतातल्या राखणीच्या माळ्यावरून उतरताना बंदुकीचा दस्ता फळीला आपटला, चढवलेला घोडा आपोआप पडला आणि बार मुलाच्या छातीत गेला. पुढचा बाजार अजून यायचा होता.

चौकशी आटोपली. जमीनदाराला ती बंदूक नकोशी झाली, तेव्हा विधवा सून ती गोधडीत गुंडाळून सासऱ्याकडे आली. मला वाटलं, म्हातारा ती विहिरीत टाकेल. त्याने भट्टी पेटवली. नवी खाच पाडली, लाल केली, विझवली, सगळं नीट बसवलं. मला तिकडे बघवेना. हातातलं कापड तसंच राहिलं.

सून दारात उभी होती.

"मामंजी, आता ही कोन न्यायला येनार हाय?"

"कुनीच न्हाई," तो म्हणाला आणि नळीला तेल लावत राहिला.