सरदारांचं जातं

नातीच्या सहलीच्या वहीत आज वाचलं, ‘हे सरदारांचं जातं.’ त्याच ऐतिहासिक वाड्यातली तीच पाटी अजून तशीच! माझं डोकंच फिरलं.

तीस वर्षांपूर्वी माझा चौथीचा वर्ग मी तिथे नेला होता. पाटी वाचून काळेवाडीची सुनीता म्हणाली, “सर, सरदार स्वतः दळायचे व्हय?” पोरं खिदळली. वाडा दाखवणारे गृहस्थ कडाडले, “गुरुजी, हेच शिकवता?” त्यांच्यापुढे नाक राखायला मी सुनीताला अनवाणी अंगणात उभं केलं. तापलेल्या फरशीवर ती आलटूनपालटून पाय उचलत राहिली, पण रडली नाही.

“खाली लिही,” मी नातीला म्हटलं, “दळणाऱ्या बायकांची नावं कुठे आहेत?”

“आजोबा, बाई ओरडतील.”

“ओरडू देत!”

सुनीताचा प्रश्न बरोबर आहे, हे मला त्या दिवशीही कळलं होतं.